शाळेतर्फे हार्दिक अभिनंदन

आमच्या शाळेची स्मरणिका दरवर्षी निघते आणि तिच्यातलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान म्हंजे 'माजी विद्यार्थी वार्ता'. अध्यक्षांचं मनोगत अध्यक्षसुद्धा वाचत नाहीत, कविता लिहिणाऱ्याची आई वाचते, पण हे पान मात्र फोटो काढून काढून गावात, डोंबिवलीत, विरारला, कुवेतला सगळीकडे फिरतं. ते जुळवायचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे, कारण गावात राहिलेल्यांपैकी मराठी टायपिंग धड येणारा मी एकटा, असं हेडसरांचं मत.

बातमी येते ती तयारच येते. "आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी अमुक याची तमुक कंपनीत सीनियर मॅनेजरपदी निवड, शाळेतर्फे हार्दिक अभिनंदन". म्हणजे अभिनंदनसुद्धा त्यानेच करून पाठवलेलं असतं, शाळेने फक्त छापायचं. सगळ्यात सोपे बोटीवरचे. कॅडेट, मग थर्ड ऑफिसर, मग सेकंड, मग चीफ, मागच्या वर्षीच्या ओळीत एक शब्द बदलला की झालं. कॅप्टन झाला की मात्र फोटो येतो, पांढऱ्या शर्टात, खांद्यावर चार पट्ट्या, आणि तो मोठाच छापायचा असा वडिलांचा फोन येतो.

एवढ्या वर्षांत एक लक्षात आलं, माणसाच्या स्वतःच्या बातम्या पंचेचाळिशीच्या आसपास संपतात. आधी नोकरी, मग लग्न, मग प्रमोशन, मग बदलापूरला टू बीएचके (हो, हेसुद्धा कळवतात, आणि आम्ही छापतो, का नाही छापायचं). त्यानंतर सुरू होतात पोरांच्या बातम्या. मुलगी सीए झाली, मुलगा कॅनडाला गेला, आणि त्या मुलाने आमच्या शाळेचं तोंड फक्त गणपतीत, तेही रिक्षातून जाताना पाहिलेलं असतं. हेडसर म्हणतात, हा आपला माजी विद्यार्थी नाही, कशाला छापायचं? मी म्हणतो सर छापा, बापाने शाळेच्या छपराच्या पत्र्यांना किती दिले आठवा. मग छापतो. त्यापुढे नातवंडं, मग "गुडघ्याची शस्त्रक्रिया यशस्वी", आणि शेवटी काळी चौकट, जी पानाच्या खाली असते आणि जी लोक आधी बघतात. माझी आई तर उघडतेच तिथून.

मुलींचा भाग वेगळाच आहे. लग्न झालं की नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा, त्यामुळे 'सौ. अमुक यांना आदर्श शिक्षिका पुरस्कार' असं छापलं तर गावात कोणालाच कळत नाही की ही वरच्या वाडीतली, जी वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करायची. मी आता हट्टाने माहेरचं नाव आधी टाकतो. एका जावयबापूंना ते आवडलं नाही, फोन केला त्यांनी, मी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी परत तसंच टाकलं.

आमचा तालुका दापोली, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत आम्ही तसे गर्भश्रीमंतच. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, साने गुरुजी पालगडचे, तेही दापोलीलाच शिकायला. मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हंजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, असे पहिले भारतीय. खरं म्हंजे त्या वर्षी दुसऱ्या एकाबरोबर विभागून पहिले, पण ते 'विभागून' आपल्याकडच्या एकाही भाषणात मी ऐकलेलं नाही, आणि मीही स्मरणिकेत टाकणार नाहीये. या सगळ्यांच्या चरित्रात कुठेतरी 'पुढील शिक्षणासाठी' असे दोन शब्द येतात आणि तिथे गाव संपतं.

मला त्यातले धोंडो केशव, म्हंजे महर्षी, कर्वे जास्त जवळचे वाटतात, आमच्याच तालुक्यातल्या मुरूडचे. १८७५ च्या सुमाराला सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं म्हणून हे पोरगं मुरूडहून साताऱ्याला गेलं, चालत, शंभरावर मैल, पावसात, घाट चढून. आणि तिथे परीक्षेच्या मुख्य साहेबांनी तोंडाकडे बघून ठरवलं की हा अटीप्रमाणे सतरा वर्षांचा दिसत नाही. बसूच दिलं नाही. आता सांगा, ही बातमी त्या वर्षी कोणी कळवली असती? 'आपल्या शाळेचा विद्यार्थी साताऱ्याहून परत, शाळेतर्फे हार्दिक अभिनंदन'? १९५८ ला भारतरत्न मिळालं म्हणून ते चालणं आज धड्यात सांगण्यासारखं झालं, नाहीतर घाट चढून परत आलेल्या पोरांची यादी कुठल्या शाळेकडे असते? याच कर्व्यांनी पुढे मुंबईत असताना गावासाठी 'मुरूड फंड' काढला होता. म्हणजे बाहेर गेलेल्यांनी गावच्या शाळेला, रस्त्याला पैसे पाठवायचे ही पद्धत आमच्याकडे दीडशे वर्षांच्या घरात आलीय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या शाळेचं छप्पर नेलं तेव्हा पंचनामे व्हायच्या आधी मुंबईकरांचे पैसे जमा व्हायला लागले होते, एवढं मात्र मान्य केलं पाहिजे, कितीही थट्टा केली तरी.

आणि हीच गंमत आहे, किंवा गोची म्हणा. पोरगं शिकून बाहेर पडलं की शाळा यशस्वी, आणि ते बाहेर पडलं की त्याची पोरं डोंबिवलीच्या शाळेत, म्हणजे पुढचा पट खाली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला, २०२४ ला तर ९९.०१ टक्के, पेपरात मोठ्ठा मथळा, पण परीक्षेला बसणारी पोरं नऊ विभागांत सगळ्यात कमी आमचीच, ते आतल्या कोष्टकात असतं. मराठी शाळेचा पट वीसच्या आत आला की समूह शाळेची, म्हणजे छोट्या शाळा एकात मिळवायची चर्चा, शिक्षकांचं समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवणी, ही भीती वेगळी. मला कधी कधी वाटतं की वार्तेचं पान जितकं भरतं तितकं हजेरीचं पान रिकामं होतंय. हे मी सभेत एकदा बोललो तर गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, मग काय पोरांना नापास करायचं काय?

जे राहिले त्यांच्या बातम्या येतच नाहीत, कारण ते कळवत नाहीत. माझ्या वर्गातला एक हर्णैला मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे, त्याला भर बंदरात, लिलाव चाललेला असताना, म्हटलं तुझंही टाकू का रे काहीतरी. "काय टाकतंस? सुरमय गावली म्हनून?" आणि पापलेटाच्या टोपलीकडे वळला. पण गेल्या वर्षी त्याने स्वतःची दुसरी बोट पाण्यात घातली, कर्ज काढून, ते मी न विचारता छापलं. बायकोने पान लॅमिनेट करून घरात लावलंय असं कळलं.. त्याने मला अजून एका शब्दाने काही म्हटलेलं नाही.

यंदाच्या पानावर मात्र मोठा फोटो कॅप्टनचा नाही. यंदा दहावीला शाळेत पहिली आली ती आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गुरख्याची मुलगी. आमच्याकडे बागांत नेपाळी, बोटींवर खलाशी नेपाळी, आणि आता पटावरही त्यांची पोरं, नाहीतर एखादी तुकडी कधीच बंद झाली असती. मुलगी पहिलीपासून इथेच, मराठीत आमच्या पोरांपेक्षा जास्त मार्क, आणि बोलायला लागली की अस्सल आमच्या वाडीतली, हेल काढून. आता ती अकरावीला दापोलीला जाणार, म्हणजे रीतसर माजी झाली. समितीत एकजण म्हणाले, फोटो आत कुठेतरी टाकू. हेडसरांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, विषय संपला. तिच्या वडिलांना मी बागेत जाऊन सांगितलं तर त्यांनी स्मरणिकेच्या पाच प्रती मागितल्या, गावाला पाठवायला, पैसे देतो म्हणाले. मी म्हटलं, दादा, तिकडे मराठी कोण वाचणार? तर म्हणाले, "अक्षर तर तेच आहे ना साहेब, नाव तर वाचतील."