मुंगसाची हिरवी खूण खोडली

मंडळी, गेल्या खेपेला छाती फुगवून सांगितलं होतं की इंग्रजीतलं 'मंगूस' म्हणजे आपलं मुंगूस. वहीत, मराठीतून गेलेला शब्द म्हणून, हिरवी खूणही केली होती. ती परवा रात्री खोडली.

घोळ घातला हॉब्सन-जॉब्सननं, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांच्या जुन्या कोशानं. मागवलेल्या रीप्रिंटमध्ये नेमकी 'एम'ची पानं फिकट निघाली, विकणारा म्हणतो मूळ प्रतच तशी. शेवटी स्कॅनवर आलो. (जुने कोश छापील घेऊच नयेत, या मताला मी आता आलोय.) दोन संध्याकाळी 'एम-ओ'खाली शोधलं आणि नोंद निघाली 'एम-यू'खाली! म्हटलं, हा तर आपलाच 'मुं'. आनंद ओळभर टिकला. पुढे लिहिलंय, शब्द तेलुगू. मराठीचं नाव येतं ते प्राणिशास्त्रज्ञ जेर्डनच्या हवाल्यानं, कडेकडेनं.

तेलुगूत मुंगिस, कन्नडात मुंगुसि. उत्तरेत नेवला, संस्कृतात नकुल. म्हणजे शब्द दख्खनी वळणाचा, पण इंग्रजांना दिला कोणी? माझी सगळी भिस्त शेवटच्या 'गूस'वर. इंग्रजांना तिथे हंस दिसला तो आपल्या दीर्घ ऊमुळे. तेलुगू 'गिस'मधून हंस कसा निघणार? (हंसाशी नातं नाही, म्हणून अनेकवचनही 'मंगूसेस', 'मंगीस' नव्हे. हे मात्र पक्कं, कोपऱ्यात चांदणी काढली.) पण कन्नड 'मुंगुसि'ची शेवटची इ गळाली की माझा मुद्दाही गळतो.

मग जॉन फ्रायरला धरलं. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हे जनावर येतं. तो कुठे फिरला ते पाहिलं की सोक्षमोक्ष लागेल, असं वाटलं. लागतोय कसला! १६७३ मध्ये उतरला मछलीपट्टणला, तेलुगू मुलखात. मग मुंबई, सुरत, जुन्नर. शिवाय कारवार आणि गोकर्णही. बाबानं तिन्ही भाषा पायाखाली घातल्या. त्यात पोर्तुगीज त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून गोव्यात ठाण मांडून.

ऑक्सफर्ड कोशवाले मूळ मराठीच देतात. ते दाखवून वाद मिटवता येईल, पण त्यात मजा नाही.

लिहिता लिहिता लक्षात आलं, वहीत 'मूळ' असा एकच रकाना ठेवला हीच चूक. दोन हवेत: शब्द कुठला, आणि कुणाच्या तोंडून गेला. 'मँगो' लगेच बसला. मल्याळम मांगा, पोर्तुगीजांच्या तोंडून. या हिशेबानं पुढच्या वेळची 'करी' मागे ठेवतो आणि 'टँक' घेतो. गडावरचं टाकं, गुजराती टांकी आणि पोर्तुगीज 'तांक', तिघंही दावा सांगतायत.

मुंगसापुढे तूर्त पेन्सिलीनं 'दख्खन' लिहिलंय. जेर्डनचं सस्तन प्राण्यांवरचं पुस्तक कुणाकडे असेल तर ती नोंद बघून कळवा. माझ्या स्कॅनमध्ये तेच पान तिरकं आलंय.