कांदा, चांदवड चौफुली आणि माझी पहिली हरकत

नाशिकच्या सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. कोर्ट आणि जिल्हाधिकारी कचेरी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सत्तावीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतोय. स्वतःच्या नावाने मात्र सरकारला एकही कागद दिला नव्हता. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावरची हरकत हा पहिलाच.

मार्च २०२५ मध्ये एक वकीलसाहेब विधेयकाच्या प्रती काढायला आले. मशीनमधून कागद निघताना वाचायची माझी जुनी खोड. कलम २ मधली ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या वाचून मी हातातला कागद खालीच ठेवला. बंदुका-स्फोटकं होतीच, पण त्याच यादीत रस्ता-रेल्वेची वाहतूक विस्कळीत करणं, प्रस्थापित कायदा न पाळण्याचा उपदेश करणं, आणि असल्या कामासाठी पैसे किंवा वस्तू गोळा करणं हेही होतं. असं काही करणाऱ्या संघटनेला सरकार बेकायदा ठरवू शकतं. मग तिच्या सदस्याला ३ वर्षांपर्यंत कैद. सदस्य नसलेल्यानं वर्गणी दिली तरी २ वर्षांपर्यंत कैद आणि २ लाखांपर्यंत दंड.

शहरी नक्षलवाद रोखायचा, छत्तीसगड-तेलंगणात असा कायदा आहे, आपल्याकडे नाही, असं सरकार म्हणत होतं. नक्षलवाद्यांचा पुळका मलाही नाही. पण त्यांच्यासाठी बेकायदा कारवायांविरुद्धचा केंद्राचा यूएपीए कायदा आहे, १९९९ पासून संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका आहे. मग व्याख्येची गोधडी एवढी कशाला पसरायची?

विधेयक तेव्हा विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे होतं आणि सूचना-हरकतींची मुदत १ एप्रिल २०२५. व्याख्या वाचली त्याच रात्री मी चार पानं रागानं भरली. वकीलसाहेबांनी सकाळी वाचली आणि हसले. “भाषण छान आहे. कलम कुठंय?” ती चार पानं फाडली. नव्यानं एकच पान केलं: कोणतं कलम, त्यातले कोणते शब्द, ते काढून काय घालावं, आणि माझ्या आयुष्यातलं एक उदाहरण. मार्च २०१८ ला सीबीएसवरून किसान मोर्चा मुंबईला निघाला, तेव्हा आमच्या गल्लीनं बिस्किटं नि चपला जमवल्या होत्या. ‘वस्तू गोळा करणे’ या शब्दांपुढे मी तेच लिहिलं.

मग गिऱ्हाइकांना सांगायला लागलो. बहुतेकांचं एकच: “मास्टर कॉपी काढा, खाली नाव टाकू.” धंद्याला ते बरंच, पण मी नकार दिला. एकाच मजकुराची शंभर पत्रं कोणी शंभरदा वाचत नाही.

चांदवडकडचे एक काका सातबाऱ्याच्या कामाला आले होते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली तेव्हा ते चांदवड चौफुलीवर हायवे अडवून बसले होते. व्याख्या वाचून दाखवली तर म्हणाले, “मंग आपण काय नक्षलवादी का?” म्हटलं, काका, हेच लिहा. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. भावाचे आकडे, पोरीचं अडलेलं लग्न, हायवेवरची थंडी. माझ्या कागदापेक्षा त्यांचा दसपट चांगला झाला.

कॅलेंडर मात्र आडवं आलं. ३० ला पाडवा, तोही रविवारी. ३१ ला ईद. लगेच १ तारीख. जोखीम नको म्हणून गुरुवारी २७ लाच जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कचेरीत, जाऊन सगळी पाकिटं विधान भवनाच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट केली. पावत्या एका जुन्या बिलबुकात चिकटवल्या. पोचल्याची नोंद दिसली तेव्हा काकांना फोन केला, तर ते म्हणाले, “मंग आता रद्द होईल ना?”

होईलच असं नव्हतं. ही गोष्ट जून २०२५ ची. ३० तारखेपासून पावसाळी अधिवेशन होतं, तिथेच हे विधेयक पुन्हा येईल असं दिसत होतं (पुढे जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं). हरकतीची मुदत संपली होती, तरी आमदारांनी तेव्हा मतदान केलेलं नव्हतं. म्हणून ज्यांचं मार्चमध्ये राहून गेलं त्यांना मी सांगायचो, आपल्या आमदाराला पत्र द्या. टपालानं नको, हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच घेतलेल्या कागदावर “मिळालाच नाही” म्हणता येत नाही, हे मला धंद्यानं शिकवलंय.

मीही जाऊन आलो. आमदारांच्या पीएनं विचारलं, “बदलीचं काम आहे का?” नाही म्हटल्यावर ते जरा गोंधळले, पण शिक्का मारला. काका पुढच्या सोमवारी येणार होते. त्यांचा मतदारसंघ वेगळा, त्यामुळे प्रत नव्यानं काढावी लागणार होती. त्यांना यात त्या वर्षीच्या पावसानं भिजलेल्या कांद्याचंही घालायचं होतं. म्हटलं, काका, ते वेगळ्या अर्जात घालू.