तुम्ही विचारलंत म्हणून: मार्सेलिसमध्ये जुनं कुठाय?

मार्सेलिसच्या जुन्या बंदरावर उभा राहिलेला मराठी पाहुणा आधी सावरकरांच्या उडीची जागा विचारतो. ती 1910 ची उडी इथली नव्हे. मोठ्या आगबोटी तेव्हा उत्तरेच्या नव्या धक्क्यांना लागत. मग नेहमीचा दुसरा प्रश्न येतो: "2600 वर्षांचं शहर म्हणता, मग जुनं कुठाय? रोममध्ये तर पावलोपावली दिसतं!"

प्रश्न रास्त आहे, तरी तो ऐकला की त्रास होतो. कारण विचारणाऱ्याची नजर उत्तरेच्या काठावरच्या ज्या नीटनेटक्या दगडी इमारतींवर असते, जुनं शहर नेमकं त्याच जागी होतं.

दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, 22 जानेवारी 1943 ला इथे धरपकड सुरू झाली. हुकूम नाझी एसएस दलाचा प्रमुख हिमलर याचा. पण घराघरांत शिरून कागदपत्रं तपासणारे हजारो पोलीस फ्रेंच होते, आणि जर्मनांशी वाटाघाटी करणारा रने बुस्के हा विशी सरकारचा, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारचा, पोलीसप्रमुख. सुमारे सहा हजार माणसं पकडली गेली. 24 तारखेला पहाटे जुन्या बंदराच्या उत्तर काठावरची सँ-झाँ वस्ती वेढून सुमारे वीस हजार लोकांना घराबाहेर काढलं आणि त्यांतल्या हजारोंना मालगाडीच्या डब्यांतून फ्रेज्यूसच्या लष्करी छावणीत नेलं. त्याच दिवशी 1,642 जणांची गाडी काँपिएन्यच्या छावणीकडे सुटली. त्यांतल्या 782 ज्यूंना पुढे पोलंडमधल्या सोबिबोर या नाझी मृत्युछावणीत पाठवलं गेलं. 1 फेब्रुवारीपासून सुरुंग लागले. गल्ल्यांमागून गल्ल्या उडवत दोन-अडीच आठवड्यांत 14 हेक्टरांवरच्या सुमारे 1,500 इमारती संपल्या. र्‍यू केसरी या रस्त्याच्या वरचा पानिए वस्तीचा चढ वाचला, खालचं गेलं. अधेमधे नगरपालिकेची इमारत, हिऱ्यासारखे पैलू पाडलेल्या दगडांचं एक घर आणि 1535 सालचा काब्रचा वाडा एवढं मुद्दाम राखलं. हा वाडा 1954 मध्ये नव्या रस्त्याच्या रेषेत यावा म्हणून अख्खाच्या अख्खा उचलून 90 अंशांत फिरवला. त्याच्या भिंतीवर अजून जुन्याच गल्लीचं नाव आहे.

जर्मनांनी पाडलं, एवढं सांगून विषय मिटवता येतो. पण वस्ती रोगट आहे, गुन्हेगारांची आहे, साफ करा, असं शहरातले प्रतिष्ठित लोक कितीतरी आधीपासून म्हणत होते, आणि 1942 मध्ये नव्या नगररचनेचा आराखडाही तयार झाला होता. त्याआधी 1860 च्या दशकात जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ता काढताना गल्ल्या पाडल्या, त्या मार्सेलिसनेच. बुर्स या व्यापारभवनाच्या मागची घरंही युद्धाच्या खूप आधी गेली आणि ती जागा कित्येक दशकं ओसाड राहिली. वस्ती खरंच राहण्यालायक नव्हती का? काही घरं नसतील. म्हणून माणसांसकट उपटायची? आणि गुन्हेगारांचं म्हणाल, तर गुन्हेगार इथे होतेच, पण कोळी, गोदी कामगार, इटलीहून आलेली कुटुंबं त्यांच्याहून कितीतरी जास्त होती. पॅरिसच्या सरकारी वकिलांनी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची चौकशी उघडली ती 2019 मध्ये, म्हणजे 76 वर्षांनी.

जुनं पाहायचंच असेल तर जमिनीखाली पाहा. सुरुंग लावलेल्या त्याच पट्ट्यात, युद्धानंतर इमारती बांधायला खणताना रोमन गोदामं लागली. जमिनीत पुरलेले वाइनचे प्रचंड रांजण तिथेच, जागेवर ठेवले आहेत. बुर्सच्या मागे 1967 मध्ये खोदकामात ग्रीक-रोमन बंदराचा कोपरा निघाला, 1974 मध्ये रोमन जहाज. पाण्याने फुगलेलं लाकूड वाळताना फाटतं, म्हणून ते गोठवून, निर्वात करून वाळवलं. नगरपालिकेच्या मागच्या चौकात 1990 च्या दशकात इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या होड्या मिळाल्या. त्यांच्या फळ्या दोरीने शिवलेल्या आहेत. तासभर काढून आधी त्या पाहा. काठावरच्या इमारती नंतर.