ओढा, वही आणि संमतीपत्र : माझा अनुभव

ओढ्याला कारखान्याचं पाणी येतंय हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. अडचण होती ती हे कागदावर आणायची. मोर्चा काढून झाला होता, निवेदन देतानाचा फोटो पेपरात येऊन गेला होता आणि पाणी होतं तसंच वाहत होतं. गाडी पुढे सरकली ती कारखान्याचं संमतीपत्र हातात आल्यावर. सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, आधी संमतीपत्र मिळवा, घोषणा नंतर.

जल अधिनियम १९७४ आणि हवा अधिनियम १९८१ खाली कारखान्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. माल कोणता आणि किती, सांडपाणी रोज किती घनमीटर, त्यावर प्रक्रिया काय, ते सोडायचं कुठं, सगळं त्यात अटींसकट लिहिलेलं असतं. या अटींची नोंदवही ठेवायची आणि ज्याला त्या सांडपाण्याची झळ पोचते त्याला ती बघू द्यायची, असं जल अधिनियमाच्या कलम २५ मध्येच आहे. आम्ही माहिती अधिकारातून नक्कल मागवली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. ही शब्दमर्यादा महाराष्ट्राच्या नियमांतली आहे. पोटतिडकीनं चार पानं लिहिणाऱ्याचा अर्ज तिथंच अडकतो.

कागद इंग्रजीत. बी.एस्सी. करणाऱ्या पुतणीनं पारावर बसून एकेक अट मराठीत सांगितली. बऱ्याचशा अटी छापील साच्यातल्या. मधल्या एका पानावर मात्र ओळ निघाली : शून्य विसर्ग. म्हणजे प्रक्रिया केलेलं पाणीसुद्धा आवाराबाहेर सोडायचं नाही, आतच पुन्हा वापरायचं. आमचं निम्मं काम त्या ओळीनं केलं. एरवी नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सीओडी (पाण्यातली घाण किती, हे तिला लागणाऱ्या ऑक्सिजनवरून सांगणारं माप) लिटरला २५० मिलिग्रॅम, बीओडी (तसंच माप, पण जिवाणूंनी कुजणाऱ्या घाणीचं) ३० अशा मर्यादा असतात आणि सगळं भांडण त्या आकड्यांवर चालतं : तुमच्या लॅबचा आकडा खरा की आमच्या. शून्य विसर्गाची अट असली की आकडा दुय्यम. बादलीभर पाणी कुंपणाबाहेर आलं तरी अट मोडली. आता पाणी येतंय, आणि तिथूनच येतंय, एवढं दाखवायचं होतं.

त्यासाठी वही घातली. तारीख, वेळ, वारा कुठून, पाण्याचा रंग, फेस, वास, बघणाऱ्याची सही. वास कसा हेही लिहायचं. ‘घाण वास’ चालणार नाही. सडक्या अंड्यासारखा, नेलपॉलिशसारखा, जळक्या रबरासारखा, असं. ही वही खरं तर बायकांनी चालवली, कारण पहाटे ओढ्याकडं जाणं त्यांचं. माझ्या एका चुलतीला लिहिता येत नाही; ती सांगायची, नातू लिहायचा, खाली तिचा अंगठा. पावसाळा उलटला तेव्हा पानं चाळताना दिसलं की काळं पाणी बहुतेक रात्रीचं, आणि शनिवार-रविवारी किंवा पावसाची मोठी सर आली की लगेच. सगळ्यांनाच ते आधीपासून वाटत होतं. पण वाटणं वेगळं आणि सह्यांनिशी तारखा वेगळ्या.

सोबत खिशात मावणारं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. कारखान्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, एकाच वेळी. वर आकडा चारशेच्या आतबाहेर, खाली चार आकडी. मीटर स्वस्तातलं, त्याला कोर्टात किंमत नाही, पण अधिकाऱ्यासमोर धरलं की बोलणं थोडक्यात आटपतं. फोटोंच्या बाबतीत एक सांगून ठेवतो. व्हॉट्सअॅपवर फिरलेला फोटो पुरावा म्हणून लंगडा, कारण त्यातली वेळ आणि जागेची माहिती गळून जाते. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ खाली अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं.

तक्रारीचं काय झालं हे विचारायला गेलं की एका कार्यालयात ‘साहेब व्हिजिटला गेलेत’ हे ठरलेलं उत्तर. त्यावर इलाज एकच, प्रत्येक अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घ्यायचा आणि पुढच्या अर्जात आधीचे सगळे आवक क्रमांक ओळीनं लिहायचे. क्रमांकांची शेपटी वाढत गेली तसा साहेबांचा मुक्काम कार्यालयात वाढला.

अखेर नमुना घ्यायला माणसं आली. हा दिवस सगळ्यात नाजूक. तुम्ही बाटली भरून खासगी लॅबमध्ये तपासून आणलीत तर त्याचा उपयोग दबावापुरता. जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे नमुना मंडळानं, कारखानदाराला नोटीस देऊन घ्यायचा. कारखान्यानं मागणी केली तर त्याच्या समोर दोन भाग करायचे, सील करायचं, दोघांनी सह्या करायच्या. त्यातलं काही राहिलं तर पुढं वकील तेवढ्याच फटीतून सुटतो.

कारखान्याचे दोघे आधीच रस्त्यालगत उभे होते, ‘इथूनच घ्या, सोयीचं पडेल.’ क्षेत्र अधिकारी वाकणार तेवढ्यात चुलती पुढं झाली. “साहेब, इथं नका घेऊ. इथं वरच्या झऱ्याचं पाणी मिसळतंय. मोरीपल्याड चला, मी दावते.” मोरीखाली झुडपांत सिमेंटचा पाइप होता, तोंडाशी पांढरट खरपुडी धरलेली. अधिकाऱ्यानं काही न बोलता बूट काढले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. सीओडीच्या बाटलीत आम्ल टाकून बर्फाच्या डब्यात ठेवली, तेलाच्या तपासणीसाठी काचेची वेगळी भरली. गाठीवर लाख तापवून ओतली, शिक्का मारला. कारखान्याच्या माणसानं सही करायला खळखळ केली तेव्हा ‘सही करण्यास नकार’ असा शेरा पंचनाम्यात घालतो म्हटल्यावर पेन निघालं. त्या अधिकाऱ्याला मी मानतो. व्यवस्थेला शिव्या घालणं सोपं आहे, पण आत एखादा असा असतो आणि त्याला आपल्या बाजूनं नीट कागद पुरवला तर तो कामाला लागतो.

अहवालावरून कारणे दाखवा नोटीस निघाली, मागाहून निर्देश. पाइप खणून बंद झाला. एवढ्यावर गाव खूश होतं. मी नव्हतो, कारण झिरपलेल्या पाण्यानं नासलेल्या विहिरी तशाच होत्या. ओढा एका पावसाळ्यात धुऊन निघतो, भूजलाचं तसं होत नाही. उदयपूरजवळच्या बिछडीत एच-ॲसिडच्या (रंग बनवायला लागणारं रसायन) कारखान्यांनी विहिरी नासवल्या. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ‘प्रदूषण करील त्यानं भरावं’ म्हणून निकाल दिला, आणि पैसे भरण्यातली टाळाटाळ इतकी की २०११ मध्ये न्यायालयाला ३७.३८५ कोटींवर चक्रवाढ व्याज लावावं लागलं. हे बैठकीत सांगितल्यावर दोघंतिघं उठून गेले. जाऊ देत. खोटी आशा दाखवून माणसं जमवली तर ती पहिल्या तारखेलाच पांगतात.

आता प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे नेतोय. २०१० च्या कायद्यातलं कलम १४ धरलं तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस. नुकसानभरपाईसाठी कलम १५, तिथं पाच वर्षं. भरपाई मागायची नसेल तर फी हजार रुपये, मागायची असेल तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. तरी आम्ही एक वकील बघितलाय, कारण समोरचे तयारीचे असतात.

भरपाईसाठी प्रत्येकाचा सातबारा, पीकपाहणीची नोंद आणि विहिरीच्या पाण्याचा अहवाल लागतो. इथं खरी कसोटी लागलीय. निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी त्याच कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. काहींनी सातबारा द्यायचं कबूल करून दिला नाही. ‘पोराचं गेटपास थांबवलं तर?’ असं एकानं सरळ विचारलं, आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अर्जात त्यांची नावं घातलेली नाहीत. विहिरींच्या नमुन्यांची यादी मात्र गट नंबरवार केलीय आणि तीत त्यांच्याही विहिरी आहेत, कारण पाणी मालकी बघून झिरपत नाही. नमुने मार्चअखेर घेतो आहोत, विहिरी तळाला जायच्या आत.