रिटर्न मालाचा कोपरा आणि जळगावचा मे महिना

जळगाव एमआयडीसीत गोडाऊन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर अजूनही डाळ, पीव्हीसी पाइप नाहीतर चटया येतात. पण आता त्याच पत्र्याच्या शेडमधे ई-स्कूटरच्या, ई-रिक्षाच्या, फवारणी पंपाच्या लिथियम बॅटऱ्या येऊन बसल्यात आणि थप्पी लावायची पद्धत मात्र तीच डाळीच्या कट्ट्यांची, खालून वर, भिंतीला चिकटून, जागा मिळेल तिथे. मी अशाच एका गोडाऊनचं काम बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळे घाबरतात नव्या मालाला, आणि तिथेच गडबड आहे. कंपनीच्या सीलबंद खोक्यातली नवी बॅटरी त्यामानाने शांत असते. ती सहसा अर्धवट चार्ज करूनच पाठवतात, विमानाने नुसत्या बॅटऱ्या पाठवायच्या तर एप्रिल २०१६ पासून ३० टक्क्यांच्या वर चार्ज चालतच नाही. आत चार्ज जितका कमी तितका भडका कमी, साधा हिशोब. खरी भीती आहे ती मागच्या कोपऱ्यात पडलेल्या रिटर्न मालाची.

तो कोपरा तुम्ही कधी नीट बघितलाय का? एकाची केस दबलेली, एकाची वायर कापून काळी टेप गुंडाळलेली, एक फुगून तिचं झाकण वर आलेलं, आणि सगळ्यांवर एकच चिठ्ठी, "चार्ज होत नाही". दोन पॅकचे उघडे टर्मिनल एकमेकांना टेकलेले. त्याच्या शेजारी थर्माकोल, पुठ्ठा, रिकामी खोकी, कारण कोपरा म्हणजे कोपरा, सगळं तिकडेच फेकायचं ना भो.

आणि मग डीलरकडचा कोणीतरी पोरगा येतो आणि म्हणतो, दादा एकदा चार्जिंगला लावून बघू, उठली तर उठली. हे सगळ्यात वाईट. सेल बराच काळ एकदम शून्याला पडून राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं, आणि परत चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. बाहेरून काही दिसत नाही. आमच्याकडे आता नियम आहे की गोडाऊनमधे चार्जिंग नाही म्हणजे नाही, रिटर्न मालाचं तर अजिबात नाही.

आमचे एक जुने हमाल आहेत, बाबाच म्हणतात सगळे त्यांना, शिरपूरकडचे. त्यांनी एकदा खोका उचलता उचलता खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, या डब्बाना वास काही बरा नई शे." गोडसर, थिनरच्या जवळ जाणारा वास होता. तो आतल्या इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवाचा, म्हणजे सेल कुठेतरी फुटलाय. तो खोका तसाच बाहेर नेला. हा वास प्रत्येक हमालाला ओळखता आला पाहिजे, सीसीटीव्हीला तो येत नाही.

आता उन्हाचं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की लोक म्हणतात उन्हाने बॅटरी पेटते. धडधाकट बॅटरी नुसत्या ४५ डिग्रीला पेटत नाही, सेल बेकाबू व्हायला सहसा शंभरच्या बरंच वरचं तापमान लागतं. पण उन्हाने बॅटरी लवकर म्हातारी होते, त्यातही फुल्ल चार्ज असेल तर अजून लवकर, आणि पत्र्याखालचा वरचा रॅक तर बाहेरच्यापेक्षाही तापतो. म्हणून आम्ही वरचे रॅक उन्हाळ्यात रिकामे ठेवतो, तिथे खोकी आणि मॅन्युअल वगैरे. मालकांना जागा वाया गेल्यासारखं वाटतं, वाटू दे.

पेटलीच तर काय? लाल सिलेंडरमधली पावडर वरची ज्वाळा मारते पण आतला सेल थंड करत नाही. ज्यांनी जिनिंगमधे काम केलंय त्यांना हे लगेच कळेल, कापसाच्या गाठीची आग विझली असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी आतून परत धूर निघतो, इथे पण तसंच. म्हणून पाणी, भरपूर आणि बराच वेळ, सेल थंड होईपर्यंत. लिथियमवर पाणी टाकायचं नसतं हे धातूच्या लिथियमबद्दल खरं आहे, ते या बॅटऱ्यांना चिकटवू नका. आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी गॅस असतात, त्यामुळे आपल्या माणसांनी हिरोगिरी न करता बाहेर पडायचं, पाणी फायर ब्रिगेड मारेल. बाहेर पडायला वाट मात्र पाहिजे. दक्षिण कोरियात ह्वासाँगच्या बॅटरी कारखान्यात २४ जून २०२४ ला आग लागून २३ माणसं गेली, तिथल्या बॅटऱ्या चार्ज न होणाऱ्या प्रकारच्या होत्या, पण माल दाराजवळ होता आणि मिनिटभराच्या आत खोली धुराने भरली. माणूस आणि दार यांच्यामधे माल ठेवू नका, बस.

अमेरिकेत मॉरिस नावाच्या गावात २०२१ मधे जुन्या कागद मिलमधे ठेवलेल्या बॅटऱ्या पेटल्या, हजारो लोकांना घरं सोडावी लागली आणि आत एवढ्या बॅटऱ्या आहेत हे गावाच्या प्रशासनाला माहीतच नव्हतं. आपल्याकडे किती जणांनी फायर ब्रिगेडला कळवलंय की अमुक नंबरच्या शेडमधे लिथियम आहे? विम्याच्या कागदावर पण बऱ्याच ठिकाणी अजून "इलेक्ट्रिकल सामान" एवढंच लिहिलेलं असतं, ते आजच काढून वाचा.

आमचा रिटर्न माल आता शेडच्या बाहेर, भिंतीपासून लांब, छोट्या छपराखाली लोखंडी ड्रममधे वाळूत असतो, टर्मिनलला टेप लावून, एकेक वेगळा. तिथून तो भंगारवाल्याकडे जात नाही, २०२२ च्या बॅटरी वेस्ट नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच द्यायचा असतो. गाडी यायला वेळ लागतो, भंगारवाला रोख पैसे देतो आणि रोज दारात उभा असतो, त्यामुळे हे पाळायला जड जातं. तरी त्याला देऊ नका, तो ते हातोड्याने फोडतो.