चावीचे दात आणि चावीतली चिप : आमची वाटचाल

आमच्या चाव्यांच्या दुकानाची सुरुवात एक कानस, एक व्हाइस आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पितळी ब्लँक (न कापलेल्या चाव्या) एवढ्या सामानावर झाली. तेव्हा गाडीची चावी म्हणजे धातूचा तुकडा. इग्निशनच्या बॅरलमध्ये पितळी पत्त्या, त्यांच्यामागे केसासारख्या स्प्रिंगा. खाचा बरोबर खोलीच्या असल्या की सगळ्या पत्त्या एका पातळीत येतात आणि बॅरल फिरतं. चोराला तेवढंही लागत नसे. स्टिअरिंग लॉक मोडून मागच्या वायरी जोडल्या की गाडी चालू.

पहिलं मशीन आलं ते नकलेचं. एका बाजूला जुनी चावी, दुसऱ्या बाजूला ब्लँक. सुई जिथून जाईल तिथून कटर जातो. यात एक खोट आहे. दहा-बारा वर्षं वापरलेल्या चावीची नक्कल काढली की तिची झीजही नव्या चावीत उतरते, वर मशीनची थोडी चूक मिळते. खाचेच्या खोलीच्या दोन लगतच्या मापांमध्ये बऱ्याचदा अर्धा मिलिमीटरही फरक नसतो, त्यामुळे अशी चावी दाराला लागते पण इग्निशनला अडते. गिऱ्हाईक म्हणतं कुलूप खराब झालं. बहुतेक वेळा कुलूप ठीक असतं. म्हणून आता आम्ही कोडवरून कापतो. नव्या गाडीच्या जुडग्याला एक छोटी पट्टी असते, तिच्यावरच्या नंबरावरून प्रत्येक खाचेची मूळ खोली मिळते. पट्टी हरवली असेल तर झिजलेली चावी मोजायची, प्रत्येक माप जवळच्या ठरलेल्या खोलीशी जुळवायचं आणि चावी कारखान्यातून निघाली तशी पुन्हा कापायची. स्कोडा-फोक्सवॅगनच्या एचयू६६ जातीच्या पात्याला (चावीच्या धातूच्या भागाला) कडेला दात नसतात, पात्याच्या अंगात नागमोडी वाट कोरलेली असते. त्याला साधं मशीन चालत नाही, उभा मिलिंग कटर लागतो.

धंदा खरा बदलला तो चिपमुळे. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) सक्तीचा केला, आणि पुढे आपल्याकडच्या गाड्यांतही तो येत गेला. चावीच्या प्लास्टिक डोक्यात काळी, पाचरीच्या आकाराची चिप बसते : साधारण १२ मिलिमीटर लांब, ६ रुंद, ३ जाड. तिला सेल नसतो. इग्निशनच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं. चावी फिरवली की ते १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि त्यातूनच चिपला वीज मिळते. हिटॅग-२ जातीच्या चिपचं उदाहरण घ्या. चिप आपला ३२ बिटांचा क्रमांक सांगते. गाडी त्यावर एक यादृच्छिक आकडा पाठवते आणि गुप्त किल्ली आपल्याकडे असल्याची खूण देते. चिप ४८ बिटांच्या त्याच किल्लीने उत्तर काढून परत पाठवते. उत्तर जुळलं तरच इंजिनाचा कंट्रोलर इंधन आणि ठिणगी चालू ठेवतो. हे सगळं एका सेकंदाच्याही आत होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार इथलीच : ‘गाडी सेल्फ मारते, चालू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते.’ मीटरवर चावीचा दिवा लुकलुकत असतो. आम्ही आधी विचारतो, शेल (चावीचं प्लास्टिकचं आवरण) बदललं का? पुण्याच्या नाना पेठेतून किंवा ऑनलाइन नवं फ्लिप (पातं दुमडणारं) शेल आणलेलं असतं, घरी स्क्रू ड्रायव्हरने जुनं उघडून रिमोटचं सर्किट नव्यात टाकलेलं असतं आणि चिप राहिलेली असते जुन्या शेलच्या कप्प्यात. जुनं शेल कचऱ्यात गेलं असेल तर काम चावीचं राहत नाही, प्रोग्रामिंगचं होतं. काही रिमोटांत चिप सर्किटवरच असते, तिथे वेगळी पाचर शोधत बसू नका. चिप जागेवर असूनही बंद पडत असेल तर जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी आहे का बघा. दोन्ही एकदम बोलायला लागतात आणि कड्याला कुणाचंच ऐकू येत नाही. त्यानंतरचा संशय तांब्याच्या कड्याच्या कनेक्टरवर.

दुसरी चावी दोन प्रकारे होते. क्लोन म्हणजे मूळ चिपची हुबेहूब नक्कल. गाडीच्या दृष्टीने ती पहिलीच चावी. काम लवकर होतं, पण उद्या एक हरवली तर तेवढीच बाद करता येत नाही, कारण दोघींचा क्रमांक एकच. म्हणून आम्ही होता होईल तो गाडीतच नोंद करतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटला मशीन लावायचं, गाडीचा सिक्युरिटी पिन द्यायचा (ह्युंदाईचा सहा आकडी असतो), मग ज्या चाव्या ठेवायच्या त्या एकेक करून इग्निशनमध्ये फिरवायच्या. बऱ्याच गाड्यांत या वेळी चाव्यांची जुनी यादी पुसली जाते, म्हणून घरातली दुसरी चावी बरोबर आणा असं आम्ही फोनवरच सांगतो. ती न आणल्यास घरी गेल्यावर ती चालत नाही आणि शिव्या आम्हाला.

हे करताना बॅटरी पाहावी लागते. इग्निशन चालू, दिवे चालू, पंखा चालू. व्होल्टेज १२ च्या खाली घसरलं आणि गाडीच्या मेमरीत लिहिणं मधेच तुटलं तर चावीऐवजी इमोबिलायझरचं मॉड्यूल बदलायची पाळी येते. चार्जर लावल्याशिवाय आम्ही सुरुवात करत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. ब्लँक चिपचंही तसंच : पीसीएफ७९३६ जातीची चिप एकदा लॉक झाली की दुसऱ्या गाडीला वापरता येत नाही. स्वस्तातली ‘जुनी पण चालू’ चिप घेणारे इथे फसतात.

सगळ्याच चाव्या हरवल्या की हिशोब बदलतो. पातं कुलपावरून काढावं लागतं, कधी दाराचं कुलूप उतरवून पत्त्या वाचाव्या लागतात. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत इमोबिलायझर रीसेटला १६ मिनिटं थांबावं लागतं. ती कंपनीने मुद्दाम ठेवलेली आडकाठी आहे, मशीन हँग झालेलं नसतं. काही गाड्यांत मॉड्यूल उघडून ९३सी५६ सारख्या आठ पायांच्या मेमरीतून डेटा वाचावा लागतो. एक चावी हातात असताना दुसरी करून घेणाऱ्याला याच्या निम्म्याहून कमी खर्च येतो.

रिमोट ही वेगळीच गोष्ट, तो फक्त दारं उघडतो. आपल्याकडे बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि प्रत्येक दाबाला नवा कोड जातो. मागचा कोड रेकॉर्ड करून वाजवला तरी गाडी ऐकत नाही. कीलॉक पद्धतीत रिसीव्हर पुढच्या १६ कोडांपर्यंत मुकाट जुळवून घेतो. पोराच्या हातात रिमोट गेला आणि त्याहून जास्त दाब झाले तर बटण लागोपाठ दोनदा दाबावं लागतं, मग जमतं. रिमोट पाण्यात पडला तर आधी सेल काढा. सर्किट गंजतं ते सेल आत राहिल्यामुळे.

स्टार्ट बटणाच्या गाडीत दाराच्या हँडलमधला अँटेना १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारतो, मीटर-दीड मीटरवरची चावी जागी होते आणि रेडिओ लहरींवर उत्तर देते. चोर गाडी आणि चावी यांच्या मधे उभे राहतात : एक घराच्या दाराशी, एक गाडीपाशी, हातात सिग्नल लांबवणारी उपकरणं. कोड फोडावाच लागत नाही. घरात चावी पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवा आणि डबा बंद करून गाडीपाशी जाऊन दार उघडतं का ते तपासा. टोयोटाच्या अनेक स्मार्ट चाव्यांना झोपवता येतं : लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबायचं, दिवा चारदा लुकलुकतो. या चावीचा सेल संपला तर घाबरू नका, आतल्या खाचेतलं पातं काढून दार उघडा आणि चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. तिच्यातही बिनसेलाची चिप असते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते.

आरसी आणि मालकाचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय आम्ही चिपचं काम करत नाही. चावी हरवली असेल तर पोलिसांकडच्या नोंदीची प्रतही मागतो. याचा काहींना राग येतो. पण जे मशीन आमच्या टेबलावर आहे तेच चोराच्या पिशवीतही असू शकतं, आणि फरक राहतो तो या कागदांचाच. मोडकी मूळ चावी आम्ही ठेवून घेत नाही, परत देतो. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळ चाव्या मागते, आणि तिथे ‘फेकली’ हे उत्तर महागात पडतं.

काम झालं की एक पाकीट देतो. त्यात जुनी चावी आणि एक चिठ्ठी : पात्याचा कोड, चिपची जात, पिन, गाडीत नोंद असलेल्या चाव्यांची संख्या. पाकीट गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवू नये, हे त्याच्यावरच मोठ्या अक्षरांत छापलं आहे.