जाहिराती कुठे गेल्या? तुम्ही विचारलंत म्हणून

माझा फोन हातात घेऊन कुणी एखादी बातमी उघडली की दोन मिनिटांत प्रश्न येतोच, जाहिराती कुठे गेल्या, कुठलं ॲप टाकलंयस. मी म्हणते ॲप नाहीये, सेटिंग आहे. मग समोरचा असा बघतो की जणू मी काहीतरी लपवतेय. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात तेच तेच टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

सेटिंग डीएनएसची आहे. तुम्ही ब्राउजरमध्ये साइटचं नाव टाकता, पण मशीनला नंबर लागतो, तर तो नंबर विचारून आणायचं काम डीएनएसचं. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली, १९८७ मध्ये तिचं पक्कं स्टँडर्ड झालं, आणि तेव्हा इंटरनेटवर मोजकीच माणसं असल्यामुळे हे सगळं उघड्यावर चालायचं. म्हणजे चौकात उभं राहून मोठ्याने पत्ता विचारण्यासारखं. ज्याला विचारलं तो सांगतो, पण बाकीच्या चौकालाही कळतं तुम्ही कुणाकडे निघालात. तुमची इंटरनेट कंपनी, फुकट वायफाय देणारा, मध्ये बसलेला कुणीही ऐकू शकतो, आणि वाटलं तर मध्येच चुकीचा पत्ताही सांगू शकतो.

एन्क्रिप्टेड डीएनएस म्हणजे हाच पत्ता कानात विचारायचा. त्याच्या दोन पद्धती जास्त चालतात. एक डीएनएस ओव्हर टीएलएस, २०१६ ची, ती ८५३ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार) जाते, आणि दुसरी डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस, २०१८ ची, ती नेहमीच्या वेबच्याच ४४३ पोर्टवरून जाते त्यामुळे गर्दीत मिसळून जाते, वेगळी ओळखून अडवणं अवघड. घरच्या वापराला दोन्ही चालतात, फोन जी देईल ती घ्या, त्यावर वाद घालणारे लोक आहेत त्यांना घालू द्या.

आता जाहिरातींचं. एक साधं बातमीचं पान उघडलं तरी फोन मागच्या मागे डझनावारी नावांचे पत्ते विचारत असतो, त्यातली बरीचशी जाहिरातवाल्यांची आणि तुमच्यावर नजर ठेवणाऱ्यांची. ज्याला पत्ता विचारतोय त्याच्याकडे या लोकांची यादी असेल तर तो सरळ म्हणतो, असं कुणी इथे राहत नाही. झालं. जाहिरात डाउनलोडच होत नाही, डेटा वाचतो, पान पटकन उघडतं, आणि हे फक्त ब्राउजरमध्ये नाही तर फोनमधल्या गेम, हवामानाचं ॲप वगैरे सगळ्यांना लागू होतं. थोडक्यात आपण एका माणसाला आपल्याशी खोटं बोलायची परवानगी देतोय, आपल्याच सोयीसाठी. म्हणून तो माणूस कोण हे महत्त्वाचं, त्याच्यावर येतेच.

अँड्रॉइडवर, ९ किंवा पुढचं व्हर्जन असेल तर, सेटिंग्जमध्ये जाऊन वरच्या सर्चमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधा, कारण प्रत्येक कंपनीने ते वेगळ्याच कोपऱ्यात ठेवलेलं असतं. तीन पर्याय दिसतील. ऑफ, ऑटोमॅटिक, आणि होस्टनेम, म्हणजे सर्व्हरचं नाव, टाकायचा. ऑटोमॅटिक म्हणजे नेटवर्कने दिलेला सर्व्हर एन्क्रिप्शन देत असेल तर ते वापरणार, नसेल तर मुकाट्याने उघड्यावर, शिवाय जाहिरातींशी त्याचा काही संबंध नाही. तिसरा घ्या आणि नाव टाका. मी ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या डीएनएस सर्व्हिसचं वापरते, ते असं आहे: डीएनएस डॉट ॲडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम, अर्थातच इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नाही, पुढे एचटीटीपीएस वगैरे काही नाही. इथे दहातले आठ जण अडकतात कारण कुठेतरी वाचलेला ९४.१४०.१४.१४ हा नंबर ते तिथे टाकतात आणि कनेक्ट होत नाही म्हणून मला स्क्रीनशॉट पाठवतात. नंबर नाही, नाव. एकदा टाकलं की वायफाय, मोबाइल डेटा, दोन्हीकडे चालतं.

आयफोनवर उलटं. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा रकाना आहे पण तो साधा, एन्क्रिप्शन नसलेला, आणि त्या एकाच वायफायपुरता. खरं काम प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्जची तयार फाइल, टाकून होतं, आयओएस १४ पासून. प्रोफाइल सर्व्हिस देणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायची, कुणी फॉरवर्ड केलेली फाइल उघडायची नाही, कारण प्रोफाइल फोनमध्ये डीएनएसपेक्षा बरंच काही बदलू शकते. मॅकवर पण हाच प्रकार.

विंडोज ११ मध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस मॅन्युअल करून, इथे मात्र नंबर टाकायचा, आणि खाली डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस ऑन करायचं. गूगल, क्लाउडफ्लेअर, क्वाड९ यांचे पत्ते विंडोजला पाठ आहेत, बाकीच्यांसाठी टेम्प्लेट म्हणून पूर्ण लिंक द्यावी लागते, ती त्यांच्या साइटवर असते. साध्या डीएनएसवर परत जायची परवानगी मागणारं बटण बंद ठेवा, नाहीतर एवढं करून गरज पडली की ते परत चौकात ओरडणारच. आणि आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब नंबर, तिथेही हेच भरायला विसरू नका, मी विसरले होते, सगळं नीट भरलं तरी जाहिराती दिसत होत्या कारण अर्धे प्रश्न आयपीव्ही६ वरून राउटरलाच जात होते. विंडोज १० मध्ये ही सेटिंगच नाही, तिथे ब्राउजरमधलं सिक्युअर डीएनएस वापरा. लिनक्सवाले स्वतःच शोधतील पण तरी, सिस्टीमडी रिझॉल्व्हडमध्ये नंबरानंतर हॅश देऊन होस्टनेम लिहायचं आणि डीएनएसओव्हरटीएलएस यस करायचं.

ब्राउजरची एक गंमत. फायरफॉक्स आणि क्रोमला स्वतःचं वेगळं सिक्युअर डीएनएस असतं. ते दुसऱ्या कुणाकडे वळवलेलं असेल तर सिस्टीममध्ये तुम्ही काहीही भरा, ब्राउजर त्याच्या माणसाला विचारणार. व्हीपीएन (तुमचं सगळं इंटरनेट झाकून दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेणारा) चालू असेल तर तोही बहुतेक वेळा स्वतःचंच डीएनएस वापरतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काही करू नका, आतल्या साइट्स उघडायच्या बंद होतील आणि आयटीवाले तुमच्याकडे येतील, माझ्याकडे नाही.

आता कोणावर विश्वास ठेवायचा. बरेच जण १.१.१.१ टाकतात आणि विचारतात जाहिराती का जात नाहीत. अहो तो काहीच अडवत नाही, तो क्लाउडफ्लेअरचा साधा सर्व्हर आहे. ९.९.९.९ म्हणजे क्वाड९, ती ना-नफा संस्था आहे, स्वित्झर्लंडमधली, पण ती फसव्या आणि व्हायरसवाल्या साइट्स अडवते, जाहिराती नाही. जाहिरातींसाठी ॲडगार्ड, मुलवाडचा ॲडब्लॉकवाला, किंवा नेक्स्टडीएनएस. नेक्स्टडीएनएसमध्ये कुठली यादी लावायची, काय सोडायचं हे सगळं आपल्या हातात आणि महिन्याला ३ लाख प्रश्न फुकट, त्यानंतर नेट चालू राहतं पण अडवणं बंद. यातलं कुठलंही घेतलंत तरी एक लक्षात घ्या, तुम्ही कुठल्या साइट्स उघडता ही यादी इंटरनेट कंपनीकडून काढून घेऊन तुम्ही दुसऱ्या कुणाच्या हातात देताय. शिवाय पत्ता कानात विचारला तरी नंतर तुम्ही त्या गल्लीत चालत जाताच, ते चौकाला दिसतंच. आयपी, म्हणजे त्या साइटचा नंबर, दिसतो, आणि बहुतेक वेळा साइटचं नावही कनेक्शन जोडताना उघडं जातं. त्यामुळे याला व्हीपीएन समजू नका.

यूट्यूबच्या जाहिराती जात नाहीत. हे मी आधीच सांगते तरी दुसऱ्या दिवशी मेसेज येतोच. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरातून येतात, घराचाच पत्ता नाकारला तर व्हिडिओपण गेला. फेसबुक, इन्स्टाचंही तेच. कॉम्प्युटरवर फायरफॉक्स वापरत असाल तर जोडीला युब्लॉक ओरिजिन हे एक्सटेन्शन ठेवा, ते पानाच्या आत शिरून काढतं; क्रोममध्ये ते आता चालत नाही.

आणि आता माझी चूक. उत्साहाच्या भरात मी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर हे लावून टाकलं, कुणाला न सांगता. पंधरा दिवसांनी आत्याचा फोन, अगं माझा मोबाइल बिघडलाय, काही खरेदी करायला गेलं की पांढरं पान येतं. ती सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या लिंकवर टॅप करायची, आणि ती लिंक असते जाहिरातीची, आधी जाहिरातवाल्याच्या दारातून जाऊन मग दुकानात पोचणारी. ते दारच मी बंद केलेलं. मेलमधल्या काही ऑफरच्या लिंकांचंही असंच होतं. बिचारी दुकानात फोन दाखवायला निघाली होती. तेव्हापासून मी लावताना शेजारी बसवून दाखवते, हे इथे आहे, काही अडलं की हे ऑफ कर, काम झालं की परत ऑन. लॉगिनचं पान उघडणारं पब्लिक वायफाय असेल तिथेही कधीकधी हेच करावं लागतं.

आत्या आता सराईत झालीये. परवा विचारत होती की टीव्हीला पण लावता येतं का. येतं, पण टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये बहुतेक फक्त नंबरच टाकता येतो, म्हणजे काही जाहिराती जातात पण प्रश्न उघड्यावरच. तिला म्हटलं टीव्ही काय बघतेस ते चौकाला कळलं तर चालेल का. म्हणाली, कळू दे की, मालिकाच बघते.